चाचा, टाकाऊ द्या ना!



मैंदर्गीत माझं रद्दी-भंगाराचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. मी कविता करतो हे गावाला फार उशिरा कळलं. भंगार घेतो हे मात्र शेंबड्या पोरालाही आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे आज कवितेऐवजी भंगारावर बोलायची संधी मिळाली, याचा मला आनंदच आहे.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. पाचवी-सहावीतला एक मुलगा धापा टाकत दुकानात आला आणि म्हणाला, "चाचा, टाकाऊ द्या ना. उद्या शाळेत टिकाऊ करून न्यायचंय."

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, टाकाऊ घरात नाही का तुझ्या?"

तो म्हणाला, "आई म्हणते, घरातलं सगळं लागतं."

श्रोतेहो, त्या माउलीचं खरंच होतं. ज्या घरात तेलाचा रिकामा डबा पाण्याला लागतो, दुधाची पिशवी धुऊन बाजारात नेली जाते, जुन्या लुगड्याची गोधडी होते आणि गोधडी फाटली की पायपुसणं होतं, त्या घरात टाकाऊ असं काही उरतच नाही. शाळेनं मात्र त्याच्याकडून टाकाऊ मागितलं होतं. शिवाय त्याला एकसारख्या, एकाच मापाच्या चार बाटल्या हव्या होत्या. मी दिल्या. पैसे घेतले नाहीत.

नंतर बाजारात चौकशी केली तेव्हा कळलं की त्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या काड्या, चमकी, थर्माकोल आणि रंगीत टेप यांची चांगलीच विक्री झाली होती. 'टाकाऊपासून टिकाऊ' करण्यासाठी पालकांनी नवंकोरं सामान घेतलं होतं! प्रदर्शन झालं, फोटो निघाले. पंधरा दिवसांनी त्या सगळ्या टिकाऊ वस्तू माझ्याकडे भंगारात आल्या. त्यातली एकही मला घेता आली नाही. बाटलीवर डिंकानं कागद चिकटवलेला, कागदावर चमकी, चमकीवर थर्माकोलचे मणी. प्लास्टिक म्हणावं तर प्लास्टिक नाही, रद्दी म्हणावी तर रद्दी नाही. साधी बाटली आली असती तर तिचे पैसे झाले असते. टिकाऊ करण्याच्या नादात ती कायमची टाकाऊ होऊन बसली होती.

हे पाहताना मला माझीच शाळा आठवली. 1982 साल असावं, मी सहावीत होतो. अब्बा तेव्हा सायकलवर फिरून भंगार घ्यायचे. हँडलला तराजू अडकवलेला, मागे दोन पोती. मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेवरचं, अक्कलकोट तालुक्यातलं गाव. घरात आम्ही दखनी बोलायचो, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी. अब्बा तिन्ही भाषांत हाळी द्यायचे. रोख पैसे फार थोड्यांना लागत. जुन्या चपला, फुटकी बादली, गंजका पत्रा दिला की बदल्यात चिरमुरे नाहीतर शेंगदाणे. पोरं वाट बघायची त्यांची.

तर शाळेत 'टाकाऊपासून टिकाऊ'ची स्पर्धा होती. मी औषधाच्या रिकाम्या बाटलीची चिमणी केली. पत्र्याच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं, अम्मीच्या जुन्या ओढणीची वात वळली, रॉकेल भरलं. आमच्याकडे वीज वरचेवर जायची, म्हणून मला वाटलं, याच्याइतकं उपयोगी दुसरं काय असणार? पहिला नंबर आला नव्या पुठ्ठ्याच्या आणि चमकी कागदाच्या बंगल्याला. माझ्या चिमणीकडे बघून परीक्षक म्हणाले, "हे तर तुमच्या दुकानातलं भंगारच आहे." वर्ग हसला. पुढची दोन-तीन वर्षं माझं नावच 'भंगार' पडलं.

मी घरी येऊन रडलो. अब्बांनी त्या रात्री तीच चिमणी पेटवली आणि एवढंच म्हणाले, "जलता है ना? बस."

आता इतक्या वर्षांनी कुणाला दोष द्यायचा नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. हातांनी काम करून शिकायचं, ही कल्पना आपल्याकडे काही कालची नाही. 1937 मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. तिथून 'नई तालीम' निघाली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. सूत कातताना गणित, भूगोल, इतिहास सगळं शिकता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग 1964 ते 66 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं शाळेत कार्यानुभव असावा असं सांगितलं. आपल्या शाळांत तो विषयही आला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. वह्या आल्या, प्रकल्प आले, गुण आले. पण काम करता करता शिकायचं, यातलं 'शिकायचं' कुठेतरी गळलं आणि शोभेची वस्तू तेवढी उरली.

याउलट एक माणूस आपल्याच पुण्यात वर्षानुवर्षं काय करत होता, ते पाहण्यासारखं आहे. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर. पुण्यातल्या ट्रकच्या कारखान्यात नोकरीला होते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद इथं खेड्यातल्या मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू होतं, तिथं ते गेले आणि मग त्याच कामाचे झाले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्या भांडवलावर त्यांनी भूमितीचे आकार करून दाखवले. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी झाकणं, स्ट्रॉ, जुन्या चपला, वर्तमानपत्रं यांची खेळणी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत चमकी नसते. खेळणं फिरतं, उडतं, वाजतं. आणि ते का फिरतं हे मुलाला उलगडून बघता येतं. मोडलं तरी हरकत नाही, ते मोडण्यासाठीच असतं. टाकाऊ वस्तू हे तिथं शिकण्याचं साधन आहे.

चार बाटल्या नेणाऱ्या त्या मुलाच्या बाई एक दिवस दुकानात आल्या. त्यांना त्या प्रदर्शनाचा शेवट मी सांगितला. त्या मनमोकळं हसल्या आणि म्हणाल्या, "भाई, मग तुम्हीच या ना वर्गात. तराजू घेऊन या."

मी बी.ए. झालेला माणूस. शिक्षक होण्याचं स्वप्न एकेकाळी पाहिलं होतं, जमलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर तराजू खांद्यावर टाकून मी वर्गात शिरलो. शनिवारची सकाळची शाळा होती.

मुलांना बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, घरातला आठवडाभराचा सुका कचरा धुऊन, पुसून आणायचा. सुई, ब्लेड, फुटकी काच, औषधाच्या गोळ्या, संपलेले सेल यांना हात लावायचा नाही. ते मोठ्यांनी वेगळं ठेवायचं. वर्गात पोतं अंथरलं आणि सगळा माल त्यावर ओतला. मी म्हटलं, "आता तुम्ही दुकानदार. याचे ढीग लावा."

पहिल्यांदा मुलांनी रंगावरून ढीग लावले. मग आकारावरून. मग मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून दिलं. दुकानात आम्ही रोज तेच वापरतो. डब्याचा पत्रा टपकन चिकटला, थंड पेयाचा कॅन चिकटेना. "हा लोखंडाचा नाही," एक जण ओरडला. नाहीच, तो ॲल्युमिनियमचा. मी सांगितलं, खाणीतल्या मातीपासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्यातली सुमारे 95 टक्के ऊर्जा जुना कॅन वितळवून नवा केला की वाचते. म्हणून कॅनला भाव जास्त आहे. भाव म्हणजे काय, हे मुलांना त्या दिवशी जेवढं कळलं, तेवढं पुस्तकातून कळलं नसतं.

मग तराजू टांगला. वर्तमानपत्रं एका पारड्यात, पुठ्ठे दुसऱ्या वेळी, पत्रा, बाटल्या. एकानं वजन करायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं फळ्यावर लिहायचं. एकूण किती, त्यात कागद किती, शेकडा किती. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर झोपणारी पोरं पुढे सरकली होती. काट्याकडे डोळे लावून बसली होती, मी मारतोय का ते बघायला! भंगारवाल्याच्या काट्यावर कुणाचा विश्वास नसतो, हे त्यांना घरून शिकून यावं लागलं नव्हतं.

शेवटी एक ढीग उरला, मी न घेणारा. बिस्किटांची वेष्टणं, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या आणि मसाल्याच्या पुड्या, थर्माकोलच्या प्लेटा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण त्याच्याही पुड्या निघाल्या. वजनाला सर्वांत हलका आणि आकाराला सर्वांत मोठा असा तो ढीग. मी एक पाकीट फाडून दाखवलं. आतून चकचकीत, बाहेरून रंगीत. प्लास्टिकचे पापुद्रे एकावर एक डकवलेले आणि आत धातूचा पातळ मुलामा. हे थर पुन्हा सुटे करणं फार खर्चाचं. म्हणून माझ्याकडून माल नेणारा टेम्पोवाला त्याला हात लावत नाही.

तेव्हा एका मुलानं विचारलं, "चाचा, तुम्ही जे घेत नाही ते कुठं जातं?"

मी म्हटलं, "शेवटच्या शनिवारी सांगतो." खरं म्हणजे मला त्यावेळी उत्तर द्यायची लाज वाटली.

दुसऱ्या शनिवारी आम्ही प्लास्टिक पाण्यात टाकलं. प्रयोग अगदी साधा आहे, कुठल्याही शाळेत करता येईल. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा कापायचा, तिच्याच झाकणाचा एक तुकडा कापायचा आणि दोन्ही पाण्याच्या बादलीत दाबून सोडायचे. झाकण वर येतं, बाटली तळाला जाते. दोन्ही प्लास्टिकच, मग असं का? कारण दोन्ही वेगळी आहेत. वस्तूच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात आकडा. 1 म्हणजे पेट, पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली. 2 म्हणजे शाम्पूच्या बाटलीचं जाड प्लास्टिक. 4 म्हणजे मऊ पिशवीचं. 5 म्हणजे डबे आणि झाकणांचं. 2, 4 आणि 5 पाण्याहून हलके, म्हणून तरंगतात. 1 जड, म्हणून बुडतं. मोठ्या कारखान्यांत प्लास्टिकचा चुरा करून नेमकं असंच पाण्यात सोडून वेगळं करतात. वेगवेगळं प्लास्टिक एकत्र वितळवलं तर त्यातून धड काही निघत नाही. वेगळं केलं तर पेटच्या बाटलीपासून धागा निघतो आणि त्याचं कापड होतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. कधी बोलायची नाही. तिची आजी गावात कचरा वेचते, हे वर्गाला ठाऊक होतं आणि त्यावरून तिला काय ऐकावं लागत असेल, हे मला ठाऊक होतं. मुलं आकडे शोधत होती. काही तुकड्यांवर आकडा नव्हता, तिथं ती अडली. ही मुलगी हळूच पुढे आली, एक तुकडा उचलला, कानाशी धरून चुरगाळला आणि म्हणाली, "हे कडक वाजतंय, हे वेगळं." दुसरा घेतला, "हे मऊ वाजतंय. हे पिशवीतलं." आम्ही ते पाण्यात टाकले. पहिला बुडाला, दुसरा तरंगला. बाईंनी तिला आणखी आठ-दहा तुकडे दिले. एकदाच चुकली. मग साऱ्या वर्गानं रांग लावून तिच्याकडून कानानं प्लास्टिक ओळखायला शिकून घेतलं. जी गोष्ट मला शिकायला अब्बांबरोबर दोन वर्षं लागली, ती तिनं आजीबरोबर फिरताना कधीच शिकून घेतली होती. फक्त शाळेनं तिला ती विचारली नव्हती.

तिसरा शनिवार कागदाचा. त्यासाठी दोन दिवस आधी जुन्या वह्यांची पानं फाडून भिजत घातली होती. आता रद्दीच्या दुकानात बसणाऱ्या कवीचं दुःख काय असतं, ते सांगतो. माझा एकुलता एक कवितासंग्रह. त्याची एक प्रत मी एका गृहस्थांना स्वाक्षरी करून दिली होती. ती रद्दीत माझ्याच दुकानात आली, माझ्याच काट्यावर. वजन भरलं एकशे चाळीस ग्रॅम. ती प्रत मी वर्गात नेली आणि मुलांना म्हटलं, "ही पण घाला भिजत." बाईंना वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

भिजलेला कागद खलबत्त्यात कुटून मुलांनी त्याचा लगदा केला. तो टबात भरपूर पाण्यात कालवला. जुन्या फोटोच्या चौकटीला डासांची जाळी ठोकली होती. ती चौकट लगद्यात तिरकी घालायची, आडवी वर उचलायची, पाणी निथळू द्यायचं, सुती फडक्यावर उलटी करायची, अलगद उचलायची. फडक्यावर ओला कागद राहतो. त्यावर दुसरं फडकं, वर पाट, पाटावर दोन मुलं उभी. पाणी निघालं की उन्हात वाळवायचा. पहिले चार-पाच फाटले. मग हात बसला.

कागद वाळत होता तेव्हा मी त्यांना कागदी लोकांची गोष्ट सांगितली. कागज हा शब्द फारसी, त्याचा मराठीत कागद झाला. चौदाव्या शतकात महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीरही दक्षिणेत आले, असं परंपरा सांगते. दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव आजही आहे. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे. हे लोक झाड तोडत नसत. फाटके कपडे, जुनी पोती, झिजलेले दोर तुकडे करून चुन्यात भिजवायचे, कुटायचे, हौदात लगदा करायचा, जाळीनं उचलायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. आपल्या जुन्या दफ्तरांत, पोथ्यांत आणि फर्मानांत असलेला हातकागद असा चिंध्यांतून जन्मलेला आहे. गांधीजींच्या प्रेरणेनं 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली, तीही याच विद्येला पुन्हा जीव देण्यासाठी. म्हणजे कचऱ्यापासून नवं करणं ही आपल्याकडे शतकानुशतकं चालत आलेली कसबी माणसांची विद्या आहे.

आमच्या घरीही कागदाची एक रीत होती. अब्बा रद्दी निवडताना दोन गठ्ठे बाजूला ठेवायचे. एकात गणपतीचं, विठोबाचं चित्र असलेल्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं. दुसऱ्यात अल्लाचं नाव असलेले उर्दू-अरबी कागद. ते पोत्यात कोंबायचे नाहीत, पायाखाली येऊ द्यायचे नाहीत. मी आजही तसंच करतो. मुलांनी मला विचारलं, "का?" मी म्हटलं, "कुणाच्या तरी देवघरातून आलंय. आपण आधी माणसाचा मान ठेवायचा, मग मालाचं वजन करायचं."

आमचा कागद जाडाभरडा, राखी रंगाचा झाला. त्यावर पेनानं लिहिलं तर शाई पसरली. मग मैद्याची पातळ खळ करून लावली, शाई थांबली. एका कागदात माझ्या पुस्तकातलं एक अक्षर शाबूत राहिलं होतं, एक बारीकसा 'ण'. मुलांनी तो शोधून काढला आणि त्यांना फार गंमत वाटली. एकीनं विचारलं, "असा किती वेळा नवा करता येतो?" चांगला प्रश्न होता. प्रत्येक वेळी कागदाचा तंतू आखूड होतो. साधारण पाच ते सात वेळा, मग तो धरत नाही. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळतात, कागद आणि प्लास्टिक थकत जातात. म्हणून नवं करण्यापेक्षा आधी कमी वापरावं, हे त्यांना मी सांगायच्या आधीच कुणीतरी म्हणालं.

शेवटचा शनिवार दिवाळीच्या सुट्टीनंतर आला. पहिल्याच दिवशी आम्ही एका मडक्यात मातीचे थर देऊन केळीची साल, चहाचा चोथा, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, प्लास्टिकची पिशवी आणि बिस्किटाचं वेष्टण पुरलं होतं. शाळेच्या शिपाईमामांनी सुट्टीतही त्यावर पाणी शिंपडलं. मडकं उलटं केलं. साल नाही, चहा नाही. वर्तमानपत्राचा काळा भुगा. चिंधी विरून हातात येत होती. पिशवी जशीच्या तशी. बिस्किटाचं वेष्टण पाण्यानं धुतलं, तर त्यावरची किंमतही वाचता येत होती. आणि मडक्यातली माती काळीभोर, मऊ झाली होती.

इथं मला सीमेवरच्या माणसाचा एक फायदा घेऊ द्या. आमच्याकडे कन्नडमध्ये कचऱ्याला 'कस' म्हणतात. मराठीत कस म्हणजे जमिनीतलं सत्त्व. शब्द एकच, गल्लीत तो केर असतो आणि शेतात तो कस असतो. कन्नडमध्ये टाकाऊतून टिकाऊला 'कसदिंद रस' म्हणतात. आणि गोव्याकडे जा, कोकणीत सोन्याला 'भांगर' म्हणतात! ज्या शब्दासारख्या शब्दानं मला लहानपणी चिडवलं, त्याचा अर्थ दुसऱ्या एका भाषेत सोनं आहे, हे मला फार उशिरा कळलं. वर्गातल्या मुलांना ते लवकर कळलं, एवढंच.

मग तो मुलगा उभा राहिला. "चाचा, तुम्ही सांगणार होता. ते कुठं जातं?"

मी त्याला खरं सांगितलं. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला जातं. कुणीतरी पेटवून देतं, त्याचा विषारी धूर आपल्याच घरात येतो. पावसात वाहून गटारीत अडकतं. शिळ्या भाकरीसकट पिशवी गाईच्या पोटात जाते. मी ते घेत नाही, कारण मला परवडत नाही. यात माझाही वाटा आहे, असं मी म्हटलं. वर्ग शांत झाला. राज्यानं 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, देशानं 2022 मध्ये एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. पण नियम कागदावर येतो, कचरा घरातून येतो. दोघांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. ती वर्गात पडू शकते.

असं एकदा घडलेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या शिक्षण उपक्रमातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवत होत्या. शिकवता शिकवता त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कचरा वेचायला गेल्या. तिथं त्यांना दिसलं, की कचरा आधीच वेगळा करून मिळाला तर या बायकांचे कष्ट निम्मे होतील. त्यातून डॉ. बाबा आढाव यांच्या साथीनं 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ज्यांना चोर समजून हटकलं जायचं, त्यांना महापालिकेची मोहोर असलेली ओळखपत्रं मिळाली. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. या सगळ्याच्या मुळाशी एक साधा वर्ग होता. आणि शिकवणाऱ्यांची, शिकणाऱ्यांच्या कामाकडे मान वळवून बघायची तयारी.

आमच्या वर्गातून एवढं मोठं काही उभं राहिलं नाही. दोन-तीन गोष्टी झाल्या. मुलांनी डब्यात वेफर्सऐवजी शेंगा-चिरमुरे आणायचं ठरवलं. काहींनी पाळलं, काहींनी नाही. वर्गाच्या कोपऱ्यात दोन पोती टांगली, एक कागदाचं, एक बाटल्यांचं. महिन्याला मी जाऊन वजन करतो. पैशाचे खडू आणि गोष्टींची पुस्तकं येतात. हिशेब ती आजीबरोबर फिरणारी मुलगी ठेवते. आणि एक दिवस बाईंनी तिच्या आजीला वर्गात बोलावलं. म्हातारी दारातच थांबली, आत येईना. म्हणाली, "माझे पाय मळलेत." बाई उठून गेल्या, तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. तिनं कन्नडमध्ये मुलांना एवढंच सांगितलं: काच उघडी टाकू नका रे, कागदात गुंडाळा, हाताला लागते. तिनं तळहात पुढे केला. मुलांनी तो जवळ येऊन बघितला. वर्गात बसून कचऱ्यावर मी जे चार शनिवार बोललो, ते सगळं त्या तळहातावर होतं.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाला 'टाकाऊपासून टिकाऊ' करायला सांगितलंत, तर नवं सामान विकत आणू नका. शोभेच्या फुलदाणीपेक्षा त्याच्याकडून आठवड्याचा कचरा मोजून घ्या. बादलीत झाकण आणि बाटली टाकून बघू द्या. एक मडकं पुरू द्या. गावातल्या भंगारवाल्याला, गोधडी शिवणाऱ्या मावशीला, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला वर्गात बोलवा. आमच्याकडे पदवी नसेल, पण तराजू आहे. आणि एखाद्या पोरानं बाटलीची चिमणी करून आणली, तर ती दिसते कशी हे नंतर बघा. आधी ती पेटवून बघा.

त्या मुलांनी मला त्यांच्या हातच्या कागदाचा एक ताव दिला आहे, 'ण' असलेला. मी अजून त्यावर काही लिहिलेलं नाही. दुकानात गल्ल्याच्या वर लावून ठेवला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय, चाचा?" मी म्हणतो, "माझं पुस्तक आहे. दुसरी आवृत्ती."



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)